शिक्का कुणी मारला, कधी मारला आणि कशासाठी: राजकीय लेबलं समजून घेताना

भाजप हा समाजवादी पक्ष आहे असं कुणी म्हटलं तर आपण त्याच्याकडे नुसते बघत राहू, पण कागदावर बघायला गेलं तर हे खरं आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून २९अ नावाचं कलम आहे, त्याप्रमाणे निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत लिहावं लागतं की आम्ही राज्यघटनेशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा ठेवू. म्हणजे भाजप, काँग्रेस, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, खुल्या बाजाराची बाजू घेणारे, जातीच्या नावावर मतं मागणारे, सगळे कायद्याने समाजवादी आणि सगळेच सेक्युलर. भाजपने तर १९८० साली स्थापनेच्या वेळी स्वतःहून 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता.

आता गंमत बघा, कायद्यात हेच शब्द सगळ्यांना लागू आहेत आणि तेच शब्द चर्चेत एकमेकांच्या अंगावर फेकायला वापरले जातात. 'तू सेक्युलर ना, मग गप्प बस.' 'हे समाजवादी लोक देश बुडवणार.' एकच शब्द दोन वेगळी कामं करतोय हे आधी डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, मग पुढचं सगळं सोपं आहे. पहिलं काम वर्णनाचं. 'हा शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) कार्यकर्ता आहे', 'त्या स्वतःला आंबेडकरवादी म्हणवतात' हे वर्णन झालं, तपासता येतं, त्या माणसाला विचारता येतं, तो हो किंवा नाही म्हणू शकतो. दुसरं काम शिक्का मारायचं. अंधभक्त, फुरोगामी, विचारजंत, अर्बन नक्षल, संघी, गुलाम, चमचा. यातलं काहीही तपासता येत नाही, आणि ज्याला म्हटलं जातं त्याचं म्हणणं कुणी विचारतही नाही.

लेबलंच नकोत असं मात्र माझं म्हणणं नाही. राजकारणात शेकडो प्रश्न असतात, प्रत्येक माणसाचं प्रत्येक प्रश्नावरचं मत लक्षात ठेवणं शक्य नाही, त्यामुळे डावे-उजवे, पुरोगामी-सनातनी असे शब्द लागणारच. डावे-उजवे तर निव्वळ बसण्याच्या जागेवरून आलं. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार हवा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि नको म्हणणारे डाव्या हाताला. तिथला प्रश्न राजाच्या अधिकाराचा होता, आपल्याकडे तेच शब्द जमीन, कामगार, धर्म, जात सगळ्याला लावले जातात आणि मग गोंधळ होतो, कारण शेतमालाच्या बाजारपेठेबद्दल 'उजवा' वाटणारा माणूस धर्माबद्दल अजिबात उजवा नसतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला तुम्ही कुठे बसवणार? सरकारने शेतीबाजारातून बाजूला व्हावं हे म्हणणारी चळवळ, आणि रस्त्यावर उतरलेले लाखो शेतकरी. दोन्ही खान्यांत मावत नाही.

पण लेबलं कशी चालतात हे समजायला आपल्याकडे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे ते जहाल आणि मवाळ. शाळेत आपण हे असं शिकतो की जणू दोन जाती होत्या, टिळक जहाल, गोखले मवाळ, परीक्षेत दोन मार्क. प्रत्यक्षात हे शब्द त्या काळात ताजे होते आणि भांडणात वापरले जात होते. आणि ज्याच्यावर 'एक्स्ट्रिमिस्ट' हा शिक्का सगळ्यात जोरात बसला होता त्याच माणसाने त्याबद्दल सगळ्यात शहाणपणाचं बोलून ठेवलंय. २ जानेवारी १९०७ ला कलकत्त्यात टिळकांचं नव्या पक्षाच्या तत्त्वांवर भाषण झालं, त्यात त्यांनी सांगितलं की हे दोन शब्द अलीकडेच आले आहेत, ते काळाशी बांधलेले आहेत आणि काळाबरोबर बदलणार, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील जसे आजचे मवाळ काल जहाल होते. दाखला त्यांनी दिला तो दादाभाई नौरोजींचा, ज्यांची मतं तेव्हा मवाळ समजली जायची पण काँग्रेसच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनाच जहाल म्हटलं गेलं होतं.

हे भाषण झालं त्याच वर्षाच्या शेवटी सुरतेला काय झालं ते सगळ्यांना ढोबळमानाने माहीत असतं. काँग्रेसचं अधिवेशन आधी नागपूरला ठरलेलं, ते हलवून सुरतेला नेलं, अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोष यांचं नाव पुढे आलं, टिळकांच्या बाजूच्यांना लाला लजपतराय हवे होते. त्याहून मोठी भीती होती की १९०६ ला कलकत्त्यात झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव आता पातळ केले जाणार. २७ डिसेंबरला टिळक व्यासपीठावर जाऊन बोलायला उभे राहिले, त्यांना बोलू दिलं जाईना, ते हटेनात, आणि मांडवातून एक जोडा हवेत आला. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने तो जोडासुद्धा वर्णन करून ठेवलाय, मराठी पद्धतीचा, लालसर चामड्याचा, पुढे टोकदार, तळव्याला शिसं लावलेला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. मग खुर्च्या, काठ्या, पोलिस आणि अधिवेशन तहकूब.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते जोड्याच्या नंतरचं. मवाळांनी वेगळी बैठक घेतली, पुढच्या वर्षी काँग्रेसची घटना लिहिली आणि त्यात अशी अट घातली की सनदशीर मार्गाने साम्राज्यातलं स्वराज्य हे ध्येय मान्य करून सही करणाराच आत. म्हणजे इतके दिवस जो शब्द वादात तोंडी वापरला जात होता तो आता दारावरचा पहारेकरी झाला, जहाल म्हणजे बाहेर. तेवढ्यात १९०८ ला टिळकांना राजद्रोहाची सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं. 'एक्स्ट्रिमिस्ट' या शब्दाने सरकारचंही काम सोपं केलं होतं, कारण एकदा जहाल म्हटलं की त्याची मागणी काय आहे ते वाचायची गरज उरत नाही. दोन्ही गट परत एकत्र आले ते १९१६ ला लखनौला, तोपर्यंत गोखले आणि मेहता दोघंही गेलेले होते.

आणि टिळकांचं भाकीत त्यांच्याच बाबतीत खरं ठरलं. १९१९-२० मध्ये त्यांची भूमिका होती प्रतियोगी सहकारिता, म्हणजे सरकार जेवढं देईल तेवढं घ्यायचं, त्या प्रमाणात सहकार्य करायचं आणि उरलेल्यासाठी भांडायचं. शेजारी गांधीजींचा असहकार ठेवला तर हीच भूमिका मवाळ दिसायला लागते. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले आणि त्याच दिवशी असहकार सुरू झाला. तिकडे जुने मवाळ १९१८ लाच काँग्रेसमधून बाहेर पडून लिबरल फेडरेशनमध्ये गेले होते, तेव्हा लिबरल म्हणजे सुटाबुटातला, कायद्याच्या चौकटीत बोलणारा, सरकारशी जमवून घेणारा माणूस. आज एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, लिबरल म्हणून शिवी देतात ती सरकारशी जमवून न घेणाऱ्याला. शंभर वर्षांत शब्द तोच आणि माणूस पूर्ण उलटा.

दुसरी गोष्ट, ती शाळेत कधीच नीट सांगत नाहीत. राजकारणात जहाल असलेले टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या विरोधात होते, मुलींचं संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा, आणि त्यांचा मुद्दा होता की परक्या सरकारने आमच्या घरात कायदा घेऊन येऊ नये. आगरकर सुधारणेच्या बाजूने इतके ठाम की ते केसरी सोडून गेले आणि १८८८ ला सुधारक काढला. राजकारणात मवाळ असलेल्या गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, जे त्या काळाच्या मानाने फारच पुढचं होतं आणि पुढच्या वर्षी पडलं. मग यात जहाल कोण आणि मवाळ कोण? इंग्रजांशी कसं भांडायचं या एकाच प्रश्नापुरते ते शब्द ठीक होते, त्या प्रश्नाबाहेर नेले की ते चुकीची माहिती द्यायला लागतात. आणि गोखले वारले तेव्हा चितेजवळ टिळकांनी त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं, ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले त्यांना. माझ्या मते याचं कारण साधं आहे, ते एकमेकांचं वाचत होते, एकमेकांच्या मुद्द्याला उत्तर देत होते, आपण फक्त लेबल वाचतो.

आता आजच्याकडे येऊ. लेबल सगळ्यात जास्त नुकसान कुठे करतं तर ते एका मतावरून बाकीची दहा मतं गृहीत धरायला लावतं. थाळी असते तसं, तुम्ही फक्त आमटी मागितली तरी ताटात सगळं वाढूनच येणार आणि बिलही सगळ्याचं.

याचं मी जवळून बघितलेलं उदाहरण म्हणजे शाळेतल्या तिसऱ्या भाषेचा वाद. १६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने जीआर (शासन निर्णय) काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा. आमच्या एका ग्रुपवर एक प्राथमिक शिक्षिका आहेत, ताई म्हणतो आम्ही त्यांना, त्यांनी एकच प्रश्न टाकला की ज्या मुलाला अजून मराठी जोडाक्षरं वाचता येत नाहीत त्याला त्याच वर्षी तिसरी भाषा कुठल्या तासाला शिकवायची, तास तर तेवढेच आहेत. पहिलं उत्तर आलं, 'मॅडम तुम्हाला हिंदी खटकते पण इंग्रजी चालते, ही डावी विचारसरणी'. ताईंनी लिहिलं की मला इंग्रजीही पहिलीला नको आहे. तर दुसऱ्या बाजूने एकजण आला, 'म्हणजे मराठी पोरांनी मागे राहायचं का, हे मनुवादी लोकांचं म्हणणं आहे'. अर्ध्या तासात ताई डाव्याही झाल्या आणि मनुवादीही झाल्या, आणि कुठला तास कापायचा याचं उत्तर चारशे मेसेजमध्ये एकालाही द्यावंसं वाटलं नाही. त्या नंतर काही बोलल्या नाहीत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या ग्रुपवर पहिलीच्या वर्गात रोज उभं राहणारं माणूस त्या एकट्याच होत्या.

आणि बघा ना, हा असा मुद्दा होता की जिथे नेहमीचे गट बसतच नव्हते. सरकारचीच भाषा सल्लागार समिती निर्णयाच्या विरोधात होती, तिने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून निर्णय मागे घ्या असं सांगितलं. मनसे विरोधात, ठाकरेंची शिवसेना विरोधात, डावे विरोधात, आणि हिंदुत्ववादी म्हणवणारे पण मराठीबद्दल हळवे असलेले कितीतरी लोक विरोधात. १७ जूनला सुधारित जीआर आला, त्यात अनिवार्यच्या ऐवजी 'सर्वसाधारणपणे' आलं, आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. तरीपण चर्चेत शेवटपर्यंत दोनच खाने फिरत होते, महाराष्ट्रद्रोही आणि हिंदूविरोधी.

असं का होतं याचं उत्तर असं की लेबल ज्याला चिकटवतात त्याच्यासाठी ते नसतंच. टीव्हीवर प्रवक्ता समोरच्याला 'अर्बन नक्षल' किंवा 'अंधभक्त' म्हणतो तेव्हा समोरच्याने आपलं मत बदलावं अशी त्याची अपेक्षा नसते, तो आपल्या बाजूच्या प्रेक्षकांना सांगत असतो की याचं पुढचं ऐकायची गरज नाही. आणि ते काम दोन शब्दांत होतं, उत्तर द्यायला मात्र समोरच्याला दहा मिनिटं लागतात, जी त्याला मिळत नाहीत. त्यात पुन्हा अडचण अशी की शब्दाला व्याख्या नसेल तर बचाव करणार कसा? मी चोर नाही हे सिद्ध करता येतं कारण चोरीची व्याख्या आहे. मी 'तुकडे तुकडे गँग'चा नाही हे कसं सिद्ध करायचं? २०१६ च्या जेएनयू प्रकरणानंतर हा शब्द मंत्र्यांच्या भाषणांतून वर्षानुवर्षं फिरला, मग माहिती अधिकारात कुणीतरी केंद्रीय गृहमंत्रालयालाच विचारलं की ही गँग कुठली, सदस्य कोण, तर जानेवारी २०२० ला उत्तर आलं की अशा कुठल्या गँगबद्दल मंत्रालयाकडे माहिती नाही.

आणि हे एकाच बाजूचं नाही हे पण स्वच्छ सांगितलं पाहिजे. 'फॅसिस्ट' हा शब्द घ्या. आणीबाणीच्या काळात इंदिरा गांधींची काँग्रेस आणि त्यांच्याबरोबर असलेला भाकप जयप्रकाशांच्या चळवळीला फॅसिस्ट म्हणत होते, आणि चळवळीतले लोक इंदिराबाईंना फॅसिस्ट म्हणत होते. एका देशात एकाच वर्षी दोघंही तोच शब्द वापरत होते. त्यातल्या एका बाजूकडे मात्र लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात ठेवायची सत्ता होती, त्यासाठी मिसा हा कायदा होता, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आणि खरी माहिती तिथे आहे, फॅसिस्ट या शब्दात नाही. आज कुणी एखाद्या सरकारला फॅसिस्ट म्हटलं तर मी त्याला हेच विचारतो की कुठला कायदा, कुठली अटक, कुठला निर्णय ते सांग, मग आपण बोलू. 'अंधभक्त'चंही तसंच, कोट्यवधी मतदारांना एका शब्दात वेडं ठरवलं की त्यांना रेशन मिळालं का, रस्ता झाला का, मंदिराबद्दल खरंच काय वाटतं, यातलं काहीच विचारावं लागत नाही. ज्यांना समतेची चाड आहे त्यांनी तरी हे करू नये असं मला मनापासून वाटतं.

कधीकधी लेबल उलटतंही. जानेवारी २०१४ ला काँग्रेसचे मणिशंकर अय्यर मोदींच्या चहा विकण्यावरून बोलले आणि पुढच्याच महिन्यात भाजपने 'चाय पे चर्चा' सुरू केली. २०१९ ला 'चौकीदार चोर है'च्या उत्तरात 'मैं भी चौकीदार' आलं. फेब्रुवारी २०२१ ला पंतप्रधानांनी राज्यसभेत 'आंदोलनजीवी' हा शब्द वापरला, तर दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकरी संघटनांनी आम्हाला आंदोलनजीवी असण्याचा अभिमान आहे म्हणून तो उचलला. यात एक फरक दिसतो, ज्या शब्दात माणसाचं काम किंवा कष्ट आहेत तो शब्द अंगावर घेता येतो. ज्यात गुन्हा आहे, म्हणजे देशद्रोही, नक्षल, दंगलखोर, तो अभिमानाने मिरवायला गेलं की पोलिस दारात येऊ शकतात, त्यामुळे सगळ्या लेबलांना 'घ्या हसण्यावारी' असं म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात २०२२ ला तर एकाच घटनेला तीन नावं पडलेली आपण लाइव्ह बघितली. जून महिन्यात एकनाथ शिंदे आमदार घेऊन आधी सुरतला, योगायोगाने परत सुरतच, आणि मग गुवाहाटीला गेले. पेपर आणि चॅनल म्हणाले बंड. उद्धव ठाकरेंची बाजू म्हणाली गद्दारी, मागून खोके, म्हणजे कोट्यवधी रुपये घेतल्याचा आरोप, आले, ऑगस्टच्या अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके एकदम ओके'. शिंद्यांबरोबर गेलेले गुलाबराव पाटील म्हणाले आम्ही बंड नाही, उठाव केला. तुम्ही यातला कुठला शब्द बोलता यावरून समोरचा तुमचं मत ओळखायचा, आणि बातमी सांगायची म्हटली तरी बाजू घेतल्यासारखं व्हायचं. पण कायद्यात यातला एकही शब्द नाही. तिथे आहे १९८५ ला आलेली दहावी अनुसूची आणि तिचा प्रश्न कोरडा आहे, सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला का, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडला का, आणि मूळ पक्ष कुठला. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिंदे गटालाच खरी शिवसेना मानलं आणि कुठल्याही गटाच्या आमदाराला अपात्र ठरवलं नाही. तो निकाल पटो न पटो, त्यावर बोलायचं तर व्हिप कुणाचा, पक्षाची कुठली घटना धरायची, यावर बोलावं लागतं, गद्दार की उठाव यावर बोलून तिथे काहीच हाती लागत नाही.

आता सगळ्यात गंभीर भाग, लेबल कायद्यात शिरतं तेव्हा. महाराष्ट्र सरकारचं जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ ला आलं, डिसेंबरमध्ये परत मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, समितीकडे बारा हजारांच्या वर सूचना आल्या, आणि १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. विधानसभेत विरोध नोंदवला तो डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांनी. समितीने जे बदल केले त्यातला महत्त्वाचा असा की आधी विधेयकाच्या उद्देशात व्यक्ती आणि संघटना असं होतं, ते काढून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं आलं. सरकारचं म्हणणं की हा कायदा माओवाद्यांच्या शहरी संघटनांसाठी आहे, सरकारवर टीका करणाऱ्यांसाठी नाही. गडचिरोलीत ज्यांच्या घरातली माणसं नक्षल्यांनी मारलीत त्यांच्यासाठी हा विषय शब्दांचा खेळ नाही हेही विसरून चालणार नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा वेगळा आहे, हिंसा हा गुन्हा आहेच आणि त्यासाठी यूएपीए हा केंद्राचा बेकायदेशीर कृत्यं रोखणारा कायदा आहे, मग कायद्याच्या उद्देशात एका विचारसरणीचं नाव कशाला, आणि 'कडवं' नेमकं कुठे सुरू होतं? जहाल-मवाळच्या वेळी काँग्रेसच्या दारावर जे झालं ते इथे सरकारच्या अधिसूचनेत होणार आहे, संघटना बेकायदेशीर म्हणून जाहीर झाली की तिचा सदस्य असणं, तिला पैसे देणं, मदत करणं हे सगळं शिक्षेला पात्र, कलमानुसार दोन ते सात वर्षांपर्यंत.

त्यामुळे या विधेयकावर कुणी तुमच्याशी बोलायला आलं तर तो डावा की उजवा हे बाजूला ठेवून त्यातली दोन वाक्यं त्याला वाचायला लावा. एक, बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत काय काय येतं, त्यात प्रत्यक्ष हिंसेशिवाय कुठली कृत्यं आहेत. दुसरं, संघटना जाहीर झाल्यावर ते प्रकरण ज्या सल्लागार मंडळापुढे जातं, ज्याच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतील, त्या मंडळापुढे सरकारला नेमकं काय ठेवावं लागेल आणि संघटनेला आपलं म्हणणं मांडायला किती दिवस मिळतील.